मोहगट्ट्याची खरी लोकसंख्या

आजच्या या समारंभाच्या अध्यक्ष, मोहगट्टा ग्रामपंचायतीच्या सरपंच आदरणीय रुखमाबाई कुमरे. व्यासपीठावर विराजमान असलेले गटशिक्षणाधिकारी साहेब आणि केंद्रप्रमुख साहेब. शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सन्माननीय सदस्य. माझे सहकारी शिक्षक बंधुभगिनी. आरमोरी, कुरखेडा, धानोऱ्याहून एवढी वाट तुडवत आलेले माझे आप्तेष्ट. मोहगट्ट्याचे तमाम ग्रामस्थ. मागे दाराजवळ सतरंजीवर बसलेली डोंगरटोल्याची पाच माणसं. आणि मसालेभाताचा वास आल्यापासून ज्यांचं माझ्याकडे लक्ष नाही ते माझे सर्व विद्यार्थी, तुम्हा सगळ्यांना या बापूजी मेश्रामचा जय भीम, जय सेवा आणि नमस्कार.

टोल्यावरच्या पाच माणसांचा उल्लेख मी वेगळा केला, तो मुद्दाम केला. पियुष सरांनी माइकवरून दोनदा सांगितलं की पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, पुढे या. ती माणसं उठली नाहीत. ती का उठली नाहीत हे मला ठाऊक आहे, आणि आज मी जे बोलणार आहे ते त्याबद्दलच आहे.

आधी आभार मानतो, नाहीतर राहून जाईल. शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, मानपत्र दिलंत. गेल्या दीड तासात माझ्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं की मी खाली मान घालून ऐकत होतो. तुम्हाला वाटलं असेल, गुरुजी विनयशील आहेत. मधली धानोऱ्याची चार वर्षं सोडली तर एकवीस वर्षं मी या शाळेत काढली. ज्या गावी बदली झाली की माणसं तालुक्याला जाऊन रडतात, तिथं मी बदली नको म्हणून रडलो. एवढं श्रेय मी घेतो. बाकीचं घेता येईल की नाही, ते माझं बोलणं संपल्यावर तुम्हीच ठरवा.

पियुष सरांनी माझ्या एका कामाचं फार कौतुक केलं. शाळेच्या दर्शनी भिंतीवरचा फलक. ‘आपला गाव मोहगट्टा: भूगोल, इतिहास, लोकसंख्या.’ निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. दरवर्षी दिवाळीच्या सुटीत मी स्वतः कुंचला घेऊन ती गिरवतो. निवडणुकीच्या ड्युटीवर येणारे कर्मचारी त्याचे फोटो काढून नेतात. तपासणीला येणारे साहेब त्यावरून अहवाल लिहितात. मागं एकदा एक बातमीदार आला होता, त्यानंही तोच उतरवून घेतला आणि पेपरात स्वतःच्या नावानं छापला. म्हणजे मोहगट्टा कसा आहे हे जगाला माहीत आहे ते माझ्या हस्ताक्षरातून. मग जाता जाता तो फलक एकदा तुमच्यासमोर तपासून घेऊ. मास्तर आहे, वही तपासल्याशिवाय शाळा सुटत नाही.

भूगोल. ‘गावाच्या तिन्ही बाजूंना साग, ऐन, मोह, तेंदूचे जंगल. पश्चिमेस नाला. कुरखेडा सव्वीस किलोमीटर. मुख्य पीक धान. मोहगट्ट्यापासून तीन किलोमीटरवर गावाचाच पाडा, डोंगरटोला.’ हे सगळं बरोबर आहे. वन्यप्राण्यांच्या ओळीत अस्वल, बिबट, वाघ होते. हत्ती यायला लागले तेव्हा शेवटी जागा नव्हती म्हणून बारीक अक्षरात हत्ती घातला. आपल्या गावात एवढा मोठा प्राणी एवढ्या लहान अक्षरात राहतो. नाल्याबद्दल मी लिहिलं आहे, ‘पावसाळ्यात पूर येतो.’ हेही बरोबर आहे. पूर आल्यावर काय होतं, ते मात्र लिहिलेलं नाही.

इतिहास. ‘गावचा तलाव मालगुजाराने बांधला.’ यावर टोल्यावरच्या जुन्या माणसांनी माझ्याशी भांडण केलं होतं. बांधणारे आमचे आजे होते, मालगुजार तलावाच्या पाळीवर छत्री धरून बसायचा, असं त्यांचं म्हणणं. मी पुढच्या दिवाळीला दुरुस्ती केली: ‘मालगुजाराने बांधवून घेतला.’ छप्पन साली आपल्या गावची अकरा माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, ती ओळ आहे. मंगळवारचा बाजार कधी सुरू झाला त्यावर तीन मतं आहेत, मी मधलं लिहिलं. इतिहासात इतपत चालतं.

आता लोकसंख्या. ‘दोन हजार आठशे बासष्ट, जनगणना दोन हजार अकरा.’

हा आकडा खोटा आहे. सरकारी आहे, छापलेला आहे आणि खोटा आहे. तो खोटा मी केला. साहेब, आपण असे दचकू नका. माझे निवृत्तीचे कागद सकाळीच सही होऊन मिळालेत, आणि जे सांगतो आहे ते लेखीही देणार आहे.

त्या वेळी गावाच्या मोजणीला आम्ही पाच शिक्षक होतो. शाळेमागची आळी आणि डोंगरटोला माझ्याकडे होता. ज्यांना टोल्याचा परिपाठ माहीत नाही, अशा पाहुण्यांसाठी सांगतो. धान निघालं की टोला मिरचीची वाट पाहतो. फेब्रुवारी लागला की ट्रक येतो आणि पोराबाळांसकट सगळा टोला मिरची तोडायला तेलंगणात जातो. तेंदूपानांच्या हंगामाआधी परत येतो. जाताना प्रत्येक घर कुलूप लावतं आणि चाबी भागीरथाबाईंकडे ठेवतं. भागीरथाबाई म्हणजे आपल्या लालसू नैतामची आई, त्या दाराजवळ बसल्या आहेत. त्यांना वाचता येत नाही. म्हणून कोणती चाबी कोणाची हे कळावं, यासाठी प्रत्येक चाबीला त्या त्या घरच्या लुगड्याची चिंधी बांधलेली असते. दोन अडीच महिने ही एकटी बाई चाळीस घरांची अंगणं झाडते. कोणाच्या घरावर ओसाडपणा येऊ नये म्हणून.

मोजणी नऊ फेब्रुवारीपासून अठ्ठावीसपर्यंत होती. मी जानेवारीत टोल्यावर जाऊन सांगितलं, पहिल्याच दिवशी तुमच्याकडे येतो, नावं लागल्याशिवाय जाऊ नका. आठ तारखेला ट्रक येऊन उभा राहिला. मुकादम होते वारलूभाऊ, आजही तेच आहेत. त्यांनी ट्रक अडवून धरला. नऊ तारीख गेली. दहा तारीख गेली. टोला गाठोडी बांधून रस्त्याकडे बघत बसला आणि गुरुजी आले नाहीत.

गुरुजी आरमोरीला होते. मेव्हण्याच्या लग्नात. साधना, तू खाली बघू नकोस, तुझ्या भावाचा यात काही दोष नाही. मुदत वीस दिवसांची आहे, दोन दिवसांनी काय बिघडतं, असं मला वाटलं. वरातीत मी नाचलो. आपलं काम आपल्याला येतं अशी खात्री असलेला माणूस फार मोकळेपणानं नाचतो.

अकरा तारखेला ट्रक गेला. तिकडची पद्धत अशी आहे की शेताच्या बांधावर ज्यांच्या झोपड्या आधी उभ्या राहतील, तोडणीपुरतं त्यांचं ते शेत. टोल्याचं शेत दुसऱ्या टोळीनं धरलं होतं. त्या वर्षी टोला तीन गावांत फुटला, नवरा एकीकडे, बायको एकीकडे. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मी चौदा तारखेला टोल्यावर पोचलो. एकूण एक दार बंद आणि एकूण एक अंगण झाडलेलं. भागीरथाबाई म्हणाल्या, “तुमची वाट पाहून पाहून गेले ना जी. दोन दिवस थांबले होते. पन माया ध्यानात सारं हाय. तुमी लिवा.” त्यांनी सूप आणलं, त्यात सगळ्या चाब्या ओतल्या आणि एकेक चिंधी हातात घेऊन सांगायला लागल्या. हे लहानूची, घरात सात. हे सुकरीची, घरात तीन, त्यातली एक आंधळी. हे आमच्या लालसूची, तिघं मोठे, आन् दोन वर्साची पोट्टी, रीता.

एक्केचाळीस चाब्या. एकशे त्रेसष्ट माणसं. मी ती माझ्या साध्या वहीत लिहून घेतली आणि मग, मान्यवरहो, त्या बाईला मी काय सांगितलं ते ऐका. मी म्हणालो, बाई, माणूस समोर पाहिजे. कुलूप असलं की लिहिता येत नाही. तसा नियम आहे.

त्या म्हणाल्या, “नियम हाय तं हाय. पन मानसं बी हायेत ना जी.”

मी फॉर्मवर लिहिलं, कुलूपबंद. एक्केचाळीस वेळा लिहिलं. एका भागीरथाबाईंना मोजलं आणि चहा पिऊन परत आलो.

तिकडे मिरचीच्या शेतातही त्यांना कोणी मोजलं नाही. तिथल्या मोजणीवाल्यानं म्हटलं, तुमची नावं गावाकडे लागली असतील. त्यालाही तसंच वाटलं असणार. एकशे त्रेसष्ट माणसं या देशात कुठंच नव्हती. दोन हजार आठशे बासष्ट हा आकडा छापून आला, तो मी निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरात काढला आणि खाली ‘संकलन: बापूजी मेश्राम’ असं नावही घातलं.

पुढं आपण आरोग्य उपकेंद्र मागितलं. रुखमाबाई, तेव्हा तुम्ही सरपंच नव्हता, पण सह्या गोळा करायला घरोघर तुम्हीच फिरला होता. आपल्यासारख्या भागात उपकेंद्राला तीन हजार लोकसंख्या लागते. आपण एकशे अडतीसनं कमी पडलो. उपकेंद्र नाल्याच्या पल्याडच्या गावाला गेलं. ज्या कार्यालयानं हे ठरवलं त्यांना मी बोल लावत नाही. त्यांनी कागद पाहिला, आणि कागदावर मी लिहिलेलं होतं. त्या दिवशी सह्यांचा गठ्ठा परत आला तेव्हा गावात सगळे सरकारला शिव्या देत होते. मीही दिल्या. सगळ्यांत मोठ्यानं मीच दिल्या.

आता एकोणीस सालचा ऑगस्ट.

रीता तेव्हा पाचवीत होती. माझ्याच वर्गात. तिला तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी लालसूनं तिला पाठीवर घेतलं आणि पावसात तीन किलोमीटर चालत मोहगट्ट्यात आणलं. नाल्याला पूर. आपल्या आशाताईंकडच्या तपासणीच्या पट्ट्या संपल्या होत्या, त्या आणायला ताई पल्याड गेलेल्या आणि तिकडेच अडकलेल्या. मी शाळा उघडली. पाचवीच्या खोलीत दोन बाकं जोडून तिला निजवलं. शाळेच्या पेटीत तापाच्या गोळ्या होत्या, त्या दिल्या. ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. दोन दिवस आम्ही नाल्यावर जाऊन काठी रोवून पाणी मोजत होतो. बोटातून रक्ताचा एक थेंब काढायचा, पट्टीवर ठेवायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, हिवताप आहे की नाही कळतं, औषध सुरू होतं. तेवढं करणारी सिस्टर समोर दिसणाऱ्या गावात होती. दिसत होतं ते गाव. दवाखान्याची पांढरी भिंतसुद्धा दिसत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं. रीता त्याच्या तासभर आधी गेली.

उपकेंद्र आपल्या गावात असतं तर ती वाचलीच असती, असं छातीठोकपणे कोणी डॉक्टरही म्हणणार नाही. मी फक्त एवढं सांगतो की तेव्हापासून मी रोज त्याच खोलीत शिकवलं आहे.

तुम्ही आणखी एक गोष्ट पाहा. अकराच्या मोजणीत ती दोन वर्षांची होती, मी तिला लिहिलं नाही. त्यानंतरची मोजणी एकवीस साली व्हायची होती, ती झाली नाही, आणि झाली असती तरी तोवर रीता नव्हती. शाळेच्या हजेरीपटावर ती आहे, माझ्या अक्षरात. पण या देशानं माणसं मोजली, त्यात ती कधी आलीच नाही. दहा वर्षं जगली, पाढे म्हटले, दोनदा खो-खोत तालुक्याला गेली, आणि मोजणीच्या दृष्टीनं जन्मलीच नाही. तरी मी त्यानंतर आठ दिवाळ्या तो आकडा गिरवत आलो. दरवेळी बासष्टमधल्या दोनाला छान वळण दिलं.

इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत होतो की चूक उशीर झाल्याची होती. लग्नाला गेलो, दोन दिवस चुकले, माणूस आहे, होतं. नियमापुढे माझा इलाज नव्हता. ही समजूत या महिन्याच्या सुरुवातीला संपली.

आपल्या मयुरी मॅडमना यंदा मोजणीचं काम आहे. प्रशिक्षण करून आल्या आणि स्टाफरूममध्ये मला म्हणाल्या, सर, तुम्हाला अनुभव आहे, टोल्यावरचे लोक मिरचीला गेले तर कसं लिहायचं? मी अनुभवी माणसाच्या थाटात म्हणालो, कुलूप दिसलं की सोडून द्यायचं. त्या जरा घुटमळल्या. म्हणाल्या, पण सर, पुस्तिकेत तर वेगळंच दिलं आहे. आणि त्यांनी वाचून दाखवलं. जो माणूस नेहमी या घरात राहतो आणि मोजणीच्या मुदतीतला एखादा दिवस जरी घरी होता, तो नंतर बाहेरगावी गेला असला तरी त्याला त्याच्या घरीच मोजायचं. घरच्यांना, शेजाऱ्यांना विचारून लिहायचं.

मी म्हणालो, हा नवा नियम असेल. घरी जाऊन ट्रंक उघडली. अकराची पुस्तिका काढली. तोच नियम. खाली पेन्सिलनं रेघ मारलेली. रेघ माझी.

म्हणजे नऊ आणि दहा तारखेला ती माणसं माझ्या शब्दावर थांबली, आपलं शेत घालवून थांबली, आणि त्या दोन दिवसांनी ती मोजणीत बसत होती. भागीरथाबाईंनी सुपात सगळा गाव आणून माझ्यासमोर ठेवला होता. शेजाऱ्याला विचारून लिहा, असं पुस्तकात होतं, आणि शेजारीण सांगत होती. ज्या बाईला वाचता येत नाही ती नियमाप्रमाणे बोलत होती. ज्याला वाचता येतं तो तिला नियम शिकवत होता.

रागावू नका, मला थोडं पाणी द्या.

तर आता यंदाचं. मोजणी पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला सुरू होते, असं मॅडमना कळवलं आहे. टोल्याचा ट्रक येतो चार तारखेला. चारला गेलेला माणूस मुदतीत एकही दिवस घरी नसतो. त्याला इथं मोजताच येत नाही, आणि हे यावेळी मी चारदा वाचून सांगतो आहे. मी तहसीलला जाऊन आलो. तारखा देशाच्या आहेत, एका टोल्यासाठी हलत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. आणि तुम्ही खुर्चीवर बसलेली मंडळी हे समजून घ्या की हा प्रश्न टोल्याचा एकट्याचा नाही. गावातली निम्मी पोरं पुण्यात, नागपुरात आहेत. गाव वाढलेला नाही. टोल्याशिवाय मोहगट्टा तीन हजार होत नाही, आणि पुढची मोजणी होईल तेव्हा या सभागृहातले किती जण असतील ते मला माहीत नाही. मी बहुतेक नसेन.

म्हणून मी वारलूभाऊंकडे गेलो. म्हटलं, नऊ तारखेपर्यंत थांबा. मयुरी मॅडम सकाळी सात वाजता आधी टोल्यावरच येतील. दहाला निघा. त्यांनी मला बसायला खाट दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, “गुरुजी, मागच्या खेपी तुमच्या शब्दावर थांबलो. शेत गेलं, आन् नाव बी नाई लागलं. आता काऊन थांबाचं?”

मी पाणी पिऊन परत आलो. याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा. मानपत्रात लिहिलं आहे की मी गावाचा विश्वास कमावला. वारलूभाऊ पहिली रांग सोडून सतरंजीवर का बसले आहेत, ते आता तुम्हाला कळलं असेल.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग मी त्यांना वेगळं विचारलं. म्हटलं, भाऊ, बांधावर झोपड्या उभ्या असल्या की शेत तुमचं राहतं ना? त्या झोपड्यांत तुमचीच माणसं पाहिजेत का? ते म्हणाले, “शेतात हात दिसले पायजे. कोनाचे हायेत, ते नाई पायत तिकडचे.”

तर माझी या सभागृहाला विनंती अशी आहे. चार तारखेचा ट्रक रिकामा जाऊ द्यायचा नाही. त्यात मोहगट्ट्यानं बसायचं. आपण जाऊन झोपड्या बांधायच्या, शेत धरायचं, सहा दिवस मिरची तोडायची. ट्रक परत येईल. नऊला टोल्याची मोजणी होईल, दहाला टोला निघेल, ते पोचले की आपण परत. मोजणी अठ्ठावीसपर्यंत आहे, आपली नावं कुठं जात नाहीत. वारलूभाऊ म्हणाले, चाळीस माणसं भरली तर ते टोला थांबवतील. चाळीसाला एक कमी असला तरी चारलाच निघतील. मी घासाघीस केली नाही. ती करायचा हक्क मला नाही.

मिरचीनं हात भगभगतात. तोडताना डोळ्याला हात लावायचा नाही. पाणी लांबून आणावं लागतं. हे सगळं मी तुम्हाला आधीच सांगतो, नंतर फसवलं म्हणू नका. इथं साडेतीनशे माणसं बसली आहेत. मी चाळीस मागतो आहे. कोण कोण येईल, हात वर करा.

पियुष सर, तो पंखा जरा बंद करा, कोणी काही म्हटलं तर मला ऐकू येत नाही.

बरं.

प्रणितभाऊ, तुमच्या दुकानाचं मला समजतं. काहींचा हरभरा आहे, काहींकडे लग्नं आहेत. लग्नाचं तर मला सर्वांत जास्त समजतं. मी रागावलो नाही. एकदम विचारलं, असा हात वर होत नसतो. तुम्ही घरी जाऊन विचार करा, पण लवकर करा, आज एकतीस आहे. मध्ये तीन दिवस आहेत.

एक गोष्ट सांगून थांबतो, कारण ती मला सोसवत नाही. काल संध्याकाळी लालसू माझ्या घरी आला. ओट्यावर बसला. म्हणाला, “गुरुजी, मी थांबतो. सारा टोला गेला तरी मी अन् माई बायको थांबतो.” मी त्याचे हात धरले. मग तो म्हणाला, “पन रीताचं नाव लागन का जी यंदा?”

मी त्याला बसवून ठेवलं आणि मयुरी मॅडमकडे जाऊन पुस्तिका आणली. उत्तर मला माहीत होतं. तरी त्याच्यासमोर दिवा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकेक ओळ वाचली. त्याच्या आईला मी न वाचता नाही म्हणालो होतो. म्हणून त्याला वाचून नाही म्हणालो. मोजणी जिवंत माणसांची असते, लालसू. रीताचं नाव आता कधीच लागणार नाही.

तो उठला. चप्पल घातली. म्हणाला, “बराय. तरी थांबतो.”

अध्यक्ष महोदया, मी आपला फार वेळ घेतला. सत्काराचा कार्यक्रम होता, मी त्याचा भलताच कार्यक्रम करून ठेवला. शाळा व्यवस्थापन समितीनं, सहकाऱ्यांनी, ज्यांनी सकाळपासून चुलीपाशी उभं राहून स्वयंपाक केला त्या माउलींनी, मांडव घालणाऱ्यांनी, लांबून आलेल्या पाहुण्यांनी माझ्यावर जे प्रेम केलं, त्याबद्दल मी सर्वांचा मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. भाषणातल्या चुकांची क्षमा मी तुमच्याकडे मागतो. टोल्यावरच्या चुकीची मागत नाही. ती तुमच्या हातात नाही, आणि ज्यांच्या हातात आहे त्यांनी अजून दिलेली नाही.

चार तारखेला सकाळी सहा वाजता बाजाराच्या वडाखाली ट्रक उभा राहील. चाळीस माणसं लागतात. आतापर्यंत दोन झाली आहेत, मी आणि साधना.

जय भीम. जय सेवा. नमस्कार.